मदत हवी आहे: चार चाइल्ड प्रोसेस एकदम चालवल्या तर काम अजूनच संथ होतं

राम राम मंडळी. हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये संगणकाचं काम पाहतो. हंगामातल्या काटापावत्या स्कॅन करून ठेवल्यात. त्यातला गाडी नंबर, वजन आणि तारीख टेसरॅक्टने (चित्रातला मजकूर ओळखणारा प्रोग्राम) वाचून एका सीएसव्हीत आणायची आहे. मशीन उबुंटूचं, चार कोअर, आठ जीबी रॅम.

बॅश स्क्रिप्टमध्ये साधा फॉर लूप होता, एकेक पावती वाचणारा. बिनतक्रार चालायचा, पण वेळखाऊ. म्हणून कमांडच्या शेवटी अँपरसँड लावून चार पावत्या बॅकग्राउंडला सोडल्या, मग वेट (सोडलेल्या प्रोसेस संपेपर्यंत थांबणारी कमांड), मग पुढच्या चार. वेळ निदान निम्मा तरी व्हावा ना? तर तो वाढला. पंखा असा ओरडतो की मुनीमजी येऊन विचारून गेले.

आणखी एक, एकच टेसरॅक्ट चालू असतानाही टॉपमध्ये (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) सीपीयू शंभर टक्क्यांच्या वर दिसतो. हे काऊन?

शिवाय आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. मधेच मशीन बंद पडलं तर कोणत्या पावत्या राहिल्या हे कसं ओळखावं?

काळीमाती: रॅम भरत असेल भाऊ. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरतात ती डिस्कवरची जागा) पाहा.

धागाकर्ता: पाहिला, स्वॅप रिकामा आहे.

टर्मिनलवाला: रॅमचा संबंध नाही. शंभरच्या वर सीपीयू, यातच उत्तर आहे. टेसरॅक्ट 4 पासून ते ओपनएमपी (काम अनेक कोअरांत वाटून देणारी सोय) वापरून स्वतःच अनेक थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमधली समांतर कामं, चालवतं. तुम्ही चार प्रोसेस सोडल्या, प्रत्येकीने आपले थ्रेड काढले आणि सगळे त्याच चार कोअरसाठी भांडत बसले. एका काट्यावर साऱ्या गावच्या बंड्या घुसवल्यासारखं झालं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ओएमपी-थ्रेड-लिमिट हा व्हेरिएबल (मधे अंडरस्कोर, सगळी कॅपिटल अक्षरं) 1 करून एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्ट विसरू नका, त्याशिवाय तो स्क्रिप्टने सोडलेल्या चाइल्ड प्रोसेसपर्यंत पोचत नाही.

दुसरं, चार-चारच्या तुकड्यांत एखादी पावती धूसर निघाली की बाकीचे तीन कोअर तिची वाट पाहत रिकामे बसतात. बॅश 4.3 किंवा पुढचं असेल तर वेटला हायफन एन द्या. कोणतीही एक प्रोसेस संपली की तो परततो आणि लगेच पुढची सोडता येते. मी मात्र सरळ एक्सआर्ग्स (यादीतल्या एकेका फाइलवर कमांड चालवणारं साधन) वापरतो, हायफन कॅपिटल पी 4 आणि हायफन स्मॉल एन 1 देऊन. फाइलच्या नावांत स्पेस असेल तर फाइंडला प्रिंट-झिरो आणि इकडे हायफन शून्य लावा.

सगळ्यांना एकाच सीएसव्हीत लिहू देऊ नका, ओळी एकमेकींत घुसतात. प्रत्येक पावतीची वेगळी फाइल, आणि शेवटी कॅटने एकत्र. लाइनचा उपायही त्यातच आहे: आधी तात्पुरत्या नावाने लिहा, कमांड यशस्वी झाली तरच एमव्हीने खरं नाव द्या. खरं नाव सापडलं की ती पावती वगळायची.

धागाकर्ता: राजेहो, व्हेरिएबलनेच फरक पडला! आता चार प्रोसेस शंभराच्या आसपास राहतात नि काम भराभर सरकतंय. फक्त एक सांगा, एखादी पावती फसली तर वेटवरून कळत नाही, तो शून्यच देतो.

टर्मिनलवाला: नुसता वेट शून्यच देणार. त्याला पीआयडी (प्रोसेसचा नंबर) द्या, मग त्या प्रोसेसचा एक्झिट कोड (शून्य म्हणजे यशस्वी) मिळतो. एक्सआर्ग्सवर गेलात तर एखादी जरी नेहमीच्या चुकीने फसली तरी शेवटी 123 हा कोड येतो. कोणती फसली ते मात्र फोल्डरमध्ये खरं नाव नसलेल्या पावत्या शोधूनच कळेल.