शेळीपालन शिकायचंय, पुण्याजवळ कुठे जाऊ?

चिंचेचा_पार:
सासवडजवळ आमची दोन एकर जमीन आहे. बोअर आहे, पाणी बऱ्यापैकी. आत्याला आता होत नाही. मी वारज्यात राहतो, नोकरी हिंजवडीला. पाच-सहा शेळ्यांपासून सुरुवात करावी म्हणतोय, पण आजवर शेळीची धारही काढलेली नाही. गेल्या महिन्यात पैसे भरून एका हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसाचं शिबिर केलं. दिवसभर स्लाइड, अनुदान आणि 'शंभर शेळ्या, इतके लाख'. जेवण फर्मास होतं. शेळी मात्र एकही दिसली नाही. हाताला काम देऊन शिकवणारं कोणी आहे का? दहावी झालेला भाचाही आहे, त्याचं वर्गात मन लागत नाही.

घोडनदीकाठ:
वारज्यात राहता आणि बाएफ ही पशुपालनाचं काम करणारी संस्था माहीत नाही? मुख्य कार्यालय तुमच्याच भागात आहे की! पण शिकायला उरुळीकांचनला जा. मणिभाई देसाईंनी १९६७ साली सुरू केलेली संस्था. जनावरं, चारा, सगळं समोर बघायला मिळतं. प्रशिक्षणाच्या तारखा आधी फोनवर विचारून घ्या.
भाच्याला आमच्या शिरूर तालुक्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात पाठवा. डॉ. कलबागांनी १९८३ साली काढलेला. वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम आहे. वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन सगळं करत करत शिकायचं.

नीरेची_लेक:
बोअर म्हणजे पाण्याचीच ना, की बोअर जातीची शेळी? 😀 शेळीच असेल तर फलटणची निंबकर संस्था बघा, शेळ्या-मेंढ्यांवर त्यांचं कित्येक वर्षांचं काम आहे. बारामतीचं कृषी विज्ञान केंद्रही तुम्हाला सोयीचं, जेजुरी-मोरगावावरून सरळ रस्ता.

धनगरवाडा:
कोर्स करा, पण एक सांगतो. प्रमाणपत्र कर्जाच्या फायलीला लागतं, शेळीला नाही. आमच्याकडं शिकायची सुरुवात लेंडीपासून होते. सुटी, कोरडी लेंडी पडली तर बरं. पातळ झाली, रवंथ थांबला की समजायचं. करडू जन्मल्यावर तासाभरात चीक पाजायचा. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होण्याच्या रोगाची, लस पावसाळ्याआधी, कारण कोवळं गवत अधाशासारखं खाऊनच करडं मरतात. खुरं कापायला कुणाच्या तरी शेजारी बसूनच शिकावं लागतं. आणि इंजेक्शनं स्वतः ठोकू नका, दवाखान्यात न्या. शेळी पाच महिन्यांनी विते, तेवढे दिवस तरी एखाद्या जुन्या गोठ्यावर रविवारी जा.

मधाचं_पोळं:
थोडं अवांतर. पुण्यातच गणेशखिंड रस्त्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून. दोन एकरांत चार पेट्या सहज बसतात, त्यांना चाराही घालावा लागत नाही.

चिंचेचा_पार:
सगळ्यांचे आभार. उरुळीला उद्याच फोन करतो. आत्याला धनगरवाड्यांचं वाचून दाखवलं. म्हणाली, "मी हेच सांगत होते, तर हॉटेलात पैसे भरून आला." आता रविवारी शेजारच्या आबांच्या गोठ्यावर हजेरी लावायची आहे, झाडलोटीपासून.

नीरेची_लेक:
कपडे जुने घाला. बोकड असेल तर तो वास दोन धुण्यांत जात नाही.