मृत्यूची नोंद एका दालनात, वारसाची दुसऱ्यात: मधले हेलपाटे कसे थांबतील?

प्रश्न

माझ्या वडिलांच्या निधनाला अकरा महिने होत आले, तरी सातबाऱ्यावर आईचे आणि आम्हा तिघा भावंडांचे नाव अद्याप लागलेले नाही. आमच्या गावात ग्रामपंचायत आणि तलाठी कार्यालय एकाच इमारतीत आहेत, मध्ये फक्त एक भिंत आहे. मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचे नाव 'दत्तू' आहे आणि सातबाऱ्यावर 'दत्तात्रय'. तलाठ्यांनी दाखला दुरुस्त करून आणण्यास सांगितले, ग्रामपंचायतीने दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून तलाठ्यांकडे देण्यास सांगितले, आणि प्रतिज्ञापत्र दिल्यावर 'हे पुरेसे नाही' असे उत्तर तोंडी मिळाले. दर खेपेला आईला बरोबर न्यावे लागते, कारण सही तिची लागते. ती त्या भिंतीलगतच्या बाकावर बसून राहते आणि मी या दारातून त्या दारात जातो. कोणीही उद्धटपणे बोलले नाही, कोणी पैसेही मागितले नाहीत, म्हणून तक्रार तरी कोणाविरुद्ध करावी हे कळत नाही. माझे काम आज ना उद्या होईलच, परंतु गावात अशी बरीच घरे आहेत. या दोन कार्यालयांनी एकमेकांशी परस्पर बोलावे, यासाठी गावपातळीवर काय करता येईल?

उत्तर 1

मी सेवेत असलेला ग्रामसेवक आहे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे), म्हणून आमची बाजू आधी मांडतो. मृत्यूची नोंद 1969 च्या कायद्यानुसार होते आणि वर्दी (मृत्यूची खबर) देणारा जे नाव सांगेल किंवा रुग्णालयाच्या कागदावर जे असेल, तेच आम्ही लिहितो. वर्दी द्यायला बहुतेक वेळा पुतण्या किंवा शेजारी येतो आणि तो हाकेचे नाव सांगतो. नंतरची दुरुस्ती त्याच कायद्याच्या कलम 15 खाली पुरावा पाहून करता येते, पण ती होईपर्यंत कुटुंबाचे दोन-तीन महिने सहज जातात.

यावर मी माझ्यापुरता एक उपाय केला आहे. वर्दी घेतानाच 'जमीन आहे का' हे विचारतो आणि असल्यास आठ-अचा उतारा (खातेदाराच्या नावावरील सर्व जमिनीचा उतारा) किंवा आधार कार्ड आणायला सांगून त्याच नावाने नोंद करतो. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागील महिन्यातील मृतांची यादी तलाठ्यांना जावक क्रमांकासह देतो आणि दुय्यम प्रतीवर त्यांची सही घेतो. यादी एका पानाची असते, लिहायला अर्धा तासही लागत नाही. तलाठी ती खातेदारांच्या नावांशी ताडून पाहतात आणि दहावा-तेरावा आटोपला की घरी निरोप जातो. हे कोणत्याही परिपत्रकाने आमच्यावर बंधनकारक केलेले नाही, आणि माझी बदली झाल्यावर ते चालू राहील याची मला खात्री देता येत नाही.

उत्तर 2

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कामाचा निपटारा हा विषय आपल्याकडे नवा नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची जी मांडणी केली, ती 'लखीना पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखली गेली. पुढे पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी'चा, म्हणजे एकही काम प्रलंबित न ठेवण्याचा, आग्रह धरला. आम्ही सहा गठ्ठ्यांत कागद लावायला शिकलो आणि त्याने खरोखर फरक पडला, कारण कोणता कागद आपल्याकडे अडला आहे आणि कोणता दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत आहे, हे टेबलावर नजर टाकताच दिसू लागले.

मात्र आपला कागद उत्तराची वाट पाहणाऱ्या गठ्ठ्यातही नाही. तलाठ्यांनी ग्रामपंचायतीला पत्रच लिहिले नाही, त्यांनी आपल्याला पाठवले, त्यामुळे दोन्ही दप्तरांत प्रलंबित काहीच दिसत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की अर्ज लेखी द्या, आवक क्रमांक घ्या आणि त्रुटी असल्यास ती लेखी कळवावी, असे त्याच अर्जात नमूद करा. त्रुटी कागदावर आली, की ती कोणी दूर करायची हेही लिहावे लागते.

उत्तर 3

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो. वारसाहक्काने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांत तलाठ्यांना द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 149 सांगते. त्यानंतर कलम 150 प्रमाणे फेरफार (हक्कातील बदल) नोंदवला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस दिले जातात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतूनही करता येतो, म्हणजे निदान त्याची तारीख पुसली जात नाही.

लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवेला मुदत आहे, अपिले आहेत आणि कसूर सिद्ध झाल्यास 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण ही मुदत पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. अर्ज पूर्ण होण्याआधी नागरिक दोन दालनांमध्ये जे दिवस घालवतो, ते कोणाच्याच खात्यावर पडत नाहीत, आणि आपले अकरा महिने तिथेच गेले आहेत. 2025 मधील 'जिवंत सातबारा' मोहिमेत तलाठ्यांनी चावडीवाचन करून (गावकऱ्यांसमोर नोंदी वाचून) मयत खातेदारांच्या याद्या स्वतः तयार केल्या, म्हणजे कार्यालयाने नागरिकाकडे जाणे शक्य आहे हे सिद्ध झाले. पहिल्या उत्तरातील मासिक यादी म्हणजे तीच मोहीम बारा महिने चालवणे होय.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. काल लेखी अर्ज दिला, आवक क्रमांक मिळाला आणि प्रथमच त्रुटीचे पत्र हातात आले. त्यात ग्रामपंचायतीकडील मूळ नोंदीचा उतारा मागितला आहे आणि पत्राची प्रत ग्रामपंचायतीलाही पाठवली आहे. मासिक यादीचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. यादी दिली-घेतल्याची तारीख दोन्ही कार्यालयांच्या सूचना फलकावर लावावी, एवढे एक वाक्य मी त्यात वाढवले आहे. ठरावाचा मसुदा कोणी तपासून देणार असेल, तर येथे टाकतो.