उपसा आपला, नाव हवामान बदलाचं?

बांधावरचा (यावल)
विषय टोचणारा आहे, आधीच सांगतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या पुढाऱ्यांच्या तोंडी हवामान बदल फार यायला लागलाय. वादळात केळी आडवी पडली की हवामान बदल, फेब्रुवारीत विहिरीनं तळ गाठला तरी हवामान बदल. बांधावर यायचं, पडलेल्या खोडासोबत फोटो काढायचा, तलाठ्याला पंचनाम्याचे आदेश द्यायचे आणि 'निसर्गापुढं कुणाचं चालतं' म्हणून गाडीत बसायचं. पक्ष कुठलाही घ्या.

हवामान बदल खोटा आहे असं मी म्हणत नाही. ऊन वाढलंय, अवकाळी वाढलाय, दिसतंय. पण यावल-रावेरच्या पाण्याची जी दशा झालीय ती आधी आपल्या मोटारींनी केली, असं माझं स्पष्ट मत आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा आपला बझाडा पट्टा, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि रेतीचा जाड थर. पाणी मुरायला याहून चांगली जमीन शोधून सापडणार नाही. त्यावरच केळी उभी राहिली. आणि आपण ते पाणी पावसाला भरता येईल त्याच्या कितीतरी पुढं उपसत गेलो.

२००९ च्या राज्य भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली बोअर घ्यायला मनाई आहे. माझ्या शिवारात सहाशे-सातशे फुटांची बोअर आहेत आणि बोअर पाडणारी गाडी दिवसाढवळ्या येते. वर २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत. कायदा म्हणतो थांब, वीज म्हणते चल. यात हवामानाचा काय संबंध?

कांदेबाग (रावेर)
संबंध आहे भाऊ, आणि तुमच्यासारख्या शेतकऱ्याच्याच पोराला तो दिसत नाही याचं वाईट वाटतं. खड्डा सगळा मोटारींनी केला असं म्हणून मोकळं होता येत नाही. पाऊस पूर्वी चार महिने झिरपत पडायचा, आता चार तासांत धो-धो पडतो आणि नाल्यानं तापीला जातो. मुरणार कधी? उन्हाळ्यात पारा ४५ वर गेला की झाडाला पाणी जास्त लागतं. मृगबाग (जून-जुलैत लावलेली केळी) ऐन निसवणीत, म्हणजे घड बाहेर पडत असताना, उष्ण वारा सुटला की पानं फाटतात, घड सटकतो. बागेभोवती शेवरी लावा, गजराज गवत लावा, काय करायचं ते आम्ही करतो. मग पाणी दिलं तर गुन्हा?

आणि ठिबक कुणी आणलं? देशात ठिबकचं नाव निघालं की जळगाव आठवतं. आम्ही पाटानं पाणी सोडणारे लोक राहिलो नाही.

बांधावरचा (यावल)
ठिबक आलं हे खरं. पण वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं का? नाही. एक एकराची केळी होती तिथं दोन एकर झाली. ठिबकच्या अनुदानाचा एकही कागद 'यापुढं लागवड वाढवणार नाही' असं लिहून घेत नाही. घेऊही शकत नाही, दुसऱ्या दिवशी आमदाराच्या दारात मोर्चा जाईल. त्यात मीही असेन म्हणा.

दीपनगरी (भुसावळ)
चर्चा चांगली चाललीय पण मूळ माणूस सुटतोय. सरासरी अमेरिकन माणूस वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपला भारतीय जेमतेम २ टन. रावेरच्या शेतकऱ्यानं मोटार बंद केली म्हणून पृथ्वी थंड होणार नाही. भारतानं २०२१ मध्ये ग्लासगोला २०७० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेण्याचं, वचन दिलं, ते पुरे आहे. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षं धूर सोडला त्यांनी पैसे मोजावेत.

वखर
@दीपनगरी, दोन टनांचा आकडा बरोबर आहे, पण वरचा प्रश्न पाण्याचा होता, धुराचा नाही. अमेरिकेनं उद्या सगळे कारखाने बंद केले तरी यावलची विहीर भरणार नाही. आणि तुमच्या नावावरून विचारतो, रागावू नका: २०७० चं वचन एकीकडं आणि दीपनगरच्या वीज केंद्रात कोळशाचा ६६० मेगावॉटचा नवा संच दुसरीकडं, हे जुळतं कसं?

दीपनगरी (भुसावळ)
रात्री आठला तुमच्या घरातला पंखा ज्या विजेवर फिरतो त्यानं जुळतं. सूर्य मावळल्यावर काय करायचं ते सांगा, मग संचावर बोलू. राखेचा त्रास काय असतो हे आम्हाला विचारा, वाळत घातलेले कपडे परत झटकायचे. तरीही प्लांट बंद करा असं इथला माणूस म्हणणार नाही, घरटी एक तरी जण ठेक्यावर कामाला आहे.

माळरान (साक्री)
भाऊहो, तुमनं जळगाव-रावेर चालू द्या, आमना धुळा जिल्हा बी खान्देशमाच शे!

सौर आणि पवनवर बोलतो, कारण ते आमच्या डोक्यावरच फिरतं. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या, शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प, २०१३ सालचा. पुढारी म्हणतात हीच हवामान बदलावरची लढाई. चांगलंय. पण जमीन कुणाची गेली, भाव काय मिळाला, यावर बोलायला कुणी तयार नाही. विखरणच्या ८४ वर्षांच्या शेतकऱ्यानं जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात जाऊन विष घेतलं, ते दोंडाईच्याच्या सौर प्रकल्पातल्या जमिनीच्या मोबदल्यावरूनच. तिकडं नंदुरबारला नर्मदाकाठच्या आदिवासी गावांनी धरणासाठी घरं सोडली. स्वच्छ वीज वाईट आहे असं मी म्हणत नाही. किंमत मात्र दरवेळी डोंगराकडच्यानंच का मोजायची?

आणखी एक. हवामानाशी जुळवून घेणाऱ्या शेतीसाठी राज्यानं जागतिक बँकेच्या कर्जावर पोकरा योजना आणली. पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे घेतले. मराठवाडा, विदर्भ आणि आपल्याकडचा फक्त जळगाव. धुळे-नंदुरबार बाहेर. हवामान बदल तापीच्या कुठल्या वळणावर थांबतो ते कुणीतरी सांगावं.

कांदेबाग (रावेर)
माळरान, जमिनीच्या मोबदल्याबाबत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पोकराबाबत आमच्यावर जळू नका, आम्हाला मिळालेलं शेततळं पाहायला या एकदा, भरतंय कशानं ते विचारू नका फक्त. 😀

जुनं खोड (चोपडा)
माझं वय झालं म्हणून दोन शब्द. ऊन आमच्या लहानपणीही होतं. भुसावळ स्टेशनात माठ घेऊन पाणी पाजणारे लोक उभे असायचे. ७२ चा दुष्काळ आम्ही खडी फोडून काढला. तेव्हा कुणी हवामान बदल म्हटलं नव्हतं. आता जरा ऊन पडलं की मोबाईलवर लाल नकाशा.

भर दुपार (जळगाव)
आबा, ७२ चं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. त्या दुष्काळात लाखो लोक रस्त्यावर उतरले, कामं मागितली, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. लोकांनी धरून मागितलं की राजकारण हलतं. आज आपण धरून काय मागतो? पंचनामा. मदत जाहीर झाली की सगळे गप्प.

उन्हाबद्दल. माझा भाऊ केळीच्या कटाईला जातो. एक जण घड कापतो, दुसरा तो उचलून गाडीपर्यंत नेतो. शर्ट चिकानं काळा पडलेला असतो, तो कितीही धुवा, निघत नाही. मजुरी मालावर मिळते, दिवसावर नाही. म्हणून बाराला ऊन चढलं तरी गाडी भरल्याशिवाय थांबता येत नाही. आता हवामान खात्याचा हिशेब पाहा. मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा थेट ४५ च्या वर गेला, तर उष्णतेची लाट. मे महिन्यात आपली सरासरीच ४२ च्या आसपास. म्हणजे ४४ मध्ये घड वाहणारा माझा भाऊ सरकारी कागदावर नेहमीच्या उन्हात काम करतो! कोकणात ३७ लाही लाट धरता येते. आपल्याला सवय आहे म्हणून आपण बाद. आणि राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत गारपीट होती, थंडीची लाट होती, उन्हाची लाट मात्र वर्षानुवर्षं बाहेर राहिली. इथं बागेच्या नुकसानीवर सगळे बोलतात. बागेत राबणाऱ्यावर या धाग्यात आत्तापर्यंत कुणी एक ओळ लिहिली नव्हती, वर जाऊन पाहा.

कांदेबाग (रावेर)
मजुरांचा मुद्दा रास्त आहे, राहिला. पण बागाईतदार मजेत आहे असं समजू नका. फळपीक विमा हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरतो. केंद्र महसूल मंडळाच्या एका टोकाला, माझी बाग दुसऱ्या टोकाला. थंडीत घडाला चरका बसून माल काळा पडतो, आणि केंद्रावर पारा अर्ध्या अंशानं वर राहिला म्हणून भरपाई शून्य.

वखर
मग मागणी बदला ना. मंडळात केंद्रं वाढवा, उन्हाचे निकष जिल्ह्याप्रमाणे ठरवा, बोअरचा कायदा राबवा. तिन्ही गोष्टी आपल्या आमदाराच्या हातात नसतील, पण त्याच्या तोंडात तर असायला हव्यात.

कांदेबाग (रावेर)
पहिल्या दोन मान्य. तिसरी एकट्या रावेरवर नको. तापी महापुनर्भरणाचा करार मध्य प्रदेशासोबत मे २०२५ मध्ये झालाय. पुराचं पाणी बझाड्यात सोडणार म्हणतात. ते होऊ द्या, मग उपशाचं बघू.

बांधावरचा (यावल)
हेच तर मी पहिल्या पोस्टपासून ओरडतोय. पाणी आणून ओतायचं आणि उपसा मोकळा ठेवायचा, तर तेही पाणी सहाशे फुटांच्या बोअरनंच वर येईल. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या आदिवासी पाड्याच्या लोकांनी आधी कुऱ्हाडबंदी केली, स्वतःवर नियम घातले, तेव्हा कुठं जंगल आणि पाणी परतलं. त्यांचे म्होरके चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. आता आपल्या ग्रामसभेत 'नवं बोअर नाही' असा ठराव कोण मांडणार?

कांदेबाग (रावेर)
तुम्ही मांडा, मी विरोधात मत देतो. केळीचं कर्ज फिटेपर्यंत तरी. उगाच खोटं कशाला बोलू?