जुनी जेसीबी खोलावी की विकून नवी काढावी?

मुरूमवाला
माझी 2008 ची जेसीबी थ्रीडीएक्स आहे, किर्लोस्कर इंजिनवाली. अवरमीटर मध्ये दोनदा बंद पडलं होतं, त्यामुळे खरे तास देवाला ठाऊक. कामं नेहमीचीच, विहिरीचा गाळ, शेततळी, पाइपलाइनचे चर. आता काळा धूर सोडते आणि मागचा बूम वळवला की खडखडते. फिटर म्हणतो इंजिन खोलू, भाऊ म्हणतो विकून टाक. मला वाटतं अजून पाच वर्षं सहज काढेल. मत द्या, फक्त ‘भावनेत अडकू नको’ एवढं सांगू नका.

हप्तेकरी
नेमकं तेच सांगणार होतो! शेततळ्यांचा हंगाम मार्च ते मे. एक पाऊस झाला की काळ्या रानात चाक घालता येत नाही. तेवढ्यात मशीन पंधरा दिवस गॅरेजला गेली की वर्ष गेलंच. हप्ता निदान आधी कळतो, गॅरेजचं बिल इंजिन खोलल्यावर कळतं.

गॅरेजकर
हप्तेकरी, नवी म्हणजे बिनघोर असं समजू नका. एप्रिल 2021 पासून चाकाच्या मशीनना सीईव्ही स्टेज 4, म्हणजे बांधकाम मशीनच्या धुराचा सरकारी नियम लागला, जानेवारी 2025 पासून स्टेज 5. धूर कमी झाला हे चांगलंच, पण सोबत सेन्सर आणि वायरिंग आलं. रानात उभी केलेली मशीन उंदरांनी कुरतडली की लॅपटॉपवाला येईपर्यंत बसून राहा. आणि आपलं डिझेल कसं भरतात? कॅनमधून, गाळणी न लावता. नव्या इंजिनात कॉमन रेल, म्हणजे खूप दाबाने डिझेल सोडणारी यंत्रणा असते, तिच्या इंजेक्टरला पाणी अजिबात चालत नाही.

मुरूमवाला, इंजिन खोलायची घाई नको. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर बघ, मग नोझल. निळा धूर असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. इंजिन चालू ठेवून ऑइलची कॅप काढ. तिथून फसफसून धूर आला तर रिंगा-लायनर गेले, मग खुशाल खोल.

हप्तेकरी
आणि खडखडीचं काय? बूमच्या सांध्यातले पिना-बुश झिजलेत, भोकं लांबोडकी झाली असतील. लाइन बोरिंग करून भोकं परत गोल करा, बुश घाला, मग बूम वळवणाऱ्या स्लू सिलिंडरची सील किट. एकेक करत मशीनची निम्मी किंमत गॅरेजात जाते.

सीटवरचा
मी चौदा वर्षं ऑपरेटर आहे, तेव्हा माझंही ऐका. भोकं लांबोडकी झाली की मालक म्हणतो ऑपरेटर ग्रीस मारत नाही. खरं आहे, नाही मारत. भत्ता चालल्या तासाचा मिळतो, सकाळचा ग्रीसचा अर्धा तास कुणी धरत नाही. दसऱ्याला बकेटला झेंडूचा हार, पुढाऱ्याच्या मिरवणुकीत गुलाल आणि फुलं उधळायला हीच मशीन. त्या दिवशी मालक स्वतः उभं राहून धुऊन घेतो. ग्रीसची बादली मागितली की मात्र ‘पुढच्या आठवड्यात बघू’.

गॅरेजकर
त्या धुण्यानेच घात होतो. प्रेशरचं पाणी पिनेत शिरलं की ग्रीस बाहेर. धुतल्यावर लगेच मारायला हवं, तेही बकेट जमिनीला टेकवून, जुनं काळं ग्रीस कडेने निघेपर्यंत.

पोकलेनवाला
थोडं अवांतर: पोकलेन हे फ्रेंच कंपनीचं नाव, आपण सगळ्याच साखळीवाल्यांना चिकटवलं. बाकी माझं मत विकण्याकडे. मऊ लोखंडाचे बुश टाकून तात्पुरतं भागवलं तर वर्षात परत तेच. घालायचेच तर कडक केलेले घाल, नाहीतर घालूच नको.

मुरूमवाला
काल कॅप काढून पाहिली, धूर नावालाच. बाहेरचा एअर फिल्टर झटकला तर पाटीभर माती निघाली! आणि बूमच्या बुडाशी दोन ग्रीस निपल वेल्डिंगच्या खपल्यांखाली सापडले. आहेत हेच मला माहीत नव्हतं. सीटवरचा, तुमचा अर्धा तास आजपासून पगारात धरला. भाऊ मात्र नव्या मशीनचं कोटेशन घेऊन बसलाय.

हप्तेकरी
फिल्टर झटकून खडखड जात नाही. कोटेशन फाडू नका.