३ किलोवॅट सोलर बसवू की तेच पैसे एफडीत टाकू? जळगाव-भुसावळवाल्यांनी जरा सांगा

पिंप्राळेकर:
नमस्कार मंडळी. घर जळगावला पिंप्राळ्यात, गच्ची मोकळी आहे. एप्रिल ते जून महिन्याला ३८० युनिटच्या आसपास जातात कारण दोन कुलर आणि एक एसी, थंडीत मात्र १२०-१२५ वर येतं. मागची बारा बिलं काढून बेरीज केली तर वर्षाचे २७०० युनिट भरले. एजन्सीवाला ३ किलोवॅटच्या मागे लागलाय, १ लाख ९५ हजार सांगतो, त्यातले ७८ हजार सबसिडी म्हणून खात्यात परत येतील आणि बिल झिरो होईल म्हणतो. वडील म्हणतात तेच पैसे एफडीत टाक, मावसभाऊ म्हणतो सोलर कंपन्यांचे शेअर घे, आणि आईचा एकच प्रश्न, गच्ची अडकली तर बिबड्या-कुरडया कुठे वाळवायच्या. कष्टाचे पैसे आहेत भो, ज्यांनी बसवलंय त्यांनीच सांगा.

भुसावळवाला:
भाऊ, माझं २०२४ ला बसलंय, सूर्यघर योजनेतून, ३ किलोवॅट. आधी स्पष्ट सांगतो, तू ३ घेऊ नको, २ घे.

आपल्याकडे एक किलोवॅट सरासरी दिवसाला ४ युनिट देतो, म्हणजे ३ किलोवॅटचे वर्षाला ४३००-४४०० युनिट झाले आणि तुला लागतात २७००. वरचे जातात कुठे? नेट मीटरमध्ये (दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजतं ते) जमा होतात, पुढच्या महिन्याच्या बिलातून वळते होतात, पण हा हिशोब ३१ मार्चला संपतो. तेव्हा जे उरतं त्याचे अगदी कमी दराने पैसे मिळतात आणि १ एप्रिलला खातं परत शून्यावर. आता बघ, आपल्याकडे कुलर लागतो कधी? एप्रिलमध्येच ना! माझे हिवाळाभर साठवलेले ६४० युनिट असे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर गेले, खूप जीव जळाला.

दुसरं म्हणजे सबसिडी. पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला फक्त १८, त्याच्यापुढे काहीच नाही. आणि महावितरणचा पहिल्या १०० युनिटचा दर कमी आहे, खरी मार त्याच्या पुढच्या युनिटला बसते, तिथे युनिट दहा रुपयांच्या वर जातो. म्हणून महागडे युनिट सोलरने कापायचे आणि स्वस्तातले शंभर-सव्वाशे खुशाल भरायचे. २ किलोवॅटमध्ये उन्हाळ्यात तुझं नेमकं हेच होईल, मे महिन्यात २४० छतावरचे आणि बाकीचे महावितरणचे.

झिरो बिल वगैरे काही होत नाही, स्थिर आकार येतोच. माझं वर्षाचं २३ हजार जायचं ते आता पाचच्या आत आलंय. तुला २ किलोवॅट सबसिडी जाऊन ८०-८५ हजारात पडेल, तेवढ्याच एफडीवर ७ टक्क्यांनी सहा हजार सुद्धा सुटत नाहीत, वर ते व्याज उत्पन्नात धरतात. वाचलेल्या बिलावर टॅक्स लागत नाही, काकांना हे नक्की सांग. आणि कोटेशनची तारीख बघ, २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, आधीचं असेल तर नवीन मागून घे. पॅनल भारतीय बनावटीचे, डीसीआर लिहिलेलेच पाहिजेत, नाहीतर सबसिडी अडकते.

हो, लाईट गेली की हे पण बंद पडतं बरं का, बाहेर कितीही ऊन असो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तसंच केलेलं असतं. इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर विकू नका.

चोपड्याची ताई:
दादा, आईचा प्रश्न सगळ्यात बरोबर आहे. आम्ही स्ट्रक्चर आठ फूट उंच करून घेतलं, पंधरा हजार जास्त गेले पण खाली खाटा टाकून बिबड्या आरामात वाळतात आणि वरच्या खोलीचा स्लॅब पण आता तापत नाही. फक्त पाय स्लॅबला नीट पक्के करून घ्या, नुसते सिमेंटचे ठोकळे ठेवून जाऊ देऊ नका, जूनच्या तोंडावर जे वादळ येतं ते रावेर-यावलकडे अख्ख्या केळीच्या बागा आडव्या करतं.

धुळीचं कोणीच सांगत नाही. होळीनंतर दहा दिवस पुसलं नाही की आमचे ९ युनिटचे ७ होतात. सकाळी सातच्या आत धुवायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी अजिबात नाही. बोअरचं पाणी तर टाकूच नका, मी सुरुवातीला तेच केलं तर काचेवर पांढरे डाग असे बसले की नखाने खरवडून निघेनात. आणि मे महिन्यात भरपूर वीज बनेल असं समजू नका, पॅनल जास्त तापलं की उलट कमी देतं, आमचे चांगले आकडे फेब्रुवारी-मार्चचे असतात.

साक्रीकर:
मना अनुभव सांगस भाऊ, शेअरचा. आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या, शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ पासूनचा. रोज डोळ्यासमोर पाती फिरायची म्हणून मी २००८ ला एका कंपनीचे शेअर घेतले, कर्ज वाढत गेलं आणि लाखाचे काही हजार उरले, पाती मात्र आजपण फिरताय. धंदा चांगला असणं आणि शेअर चांगल्या भावात मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोलर-पवन प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या इरेडा या सरकारी कंपनीचंच बघा, नोव्हेंबर २०२३ ला ३२ रुपयांना आयपीओ, जुलै २०२४ ला ३०० च्या वर, नंतर निम्म्याहून खाली. ज्याने वर घेतला त्याने काय करायचं? छतावरच्या पॅनलला भाव पडायची भीती नाही.

सबस्टेशनजवळ पडीक जमीन असली तर गोष्ट वेगळी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सोलर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने घेतात, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, दरवर्षी ३ टक्के वाढ. आमच्या मुरमाड रानात बाजरी पण धड येत नव्हती, तिला एवढं कोण देणार होतं. पण करार वकिलाला दाखवूनच सही करा.

पिंप्राळेकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना भुसावळवाल्या भाऊंचा मेसेज वाचून दाखवला, ३१ मार्चचं ऐकून ते स्वतःच वही घेऊन बसले. २ किलोवॅट नक्की केलं, उंच स्ट्रक्चरसकट नवीन कोटेशन मागितलंय. आता एकच, शेजाऱ्यांची टाकी आहे पश्चिमेला, आज साडेतीनला सावली आमच्या गच्चीच्या चौथ्या भागापर्यंत आली. चालेल का?

भुसावळवाला:
डिसेंबरात बघ भाऊ, तेव्हा ती अजून लांब येईल. आत्ताच्या सावलीच्या पुढे चार-पाच फूट सोडून चुन्याने रेघ मार आणि पॅनल रेघेच्या सावली न येणाऱ्या बाजूलाच बसवायला लाव. एका पॅनलवर सावली पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांचं पण कमी होतं.