श्रेय एकट्या हाबरचं नाही

हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याचं सगळं श्रेय जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रित्झ हाबरला दिलं जातं, ते मला अर्धंच पटतं. १९०९ साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत त्याने अमोनिया थेंबाथेंबाने काढून दाखवला खरा, पण ते उपकरण घडवायला त्याचा सहकारी रॉबर्ट ल रॉसिन्योल होता. त्याचं नाव कुणी घेतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

आणि मोठ्या प्रमाणावर अमोनिया बनवणाऱ्या कारखान्याचं काय? तिथे नायट्रोजनशी जोडण्यासाठी प्रचंड दाबाखाली ठेवलेला, तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बनच खायचा, पोलाद ठिसूळ व्हायचं आणि नळ्या फुटायच्या. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीतल्या कार्ल बॉशने नळ्यांना आतून मऊ लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन निघून जाईल. एवढ्या साध्या युक्तीवर १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाउचा अमोनियाचा कारखाना उभा राहिला!