नगरहून हरेगावच्या मतमाउलीला पायी जाण्याविषयी : आईचा नवस, माझा मधुमेह आणि काही प्रश्न

सोलापूरचा यात्रेकरू

सर्वांना नमस्कार. आम्ही सोलापूर शहरात राहणारे कॅथॉलिक कुटुंब आहोत. गेल्या वर्षी माझी मुलगी अकरा दिवस अतिदक्षता विभागात होती. त्या दिवसांत माझ्या आईने, नात घरी परतली तर नगरपासून श्रीरामपूरजवळच्या हरेगावपर्यंत अनवाणी चालत येईन, असा नवस मतमाउलीला, म्हणजे तिथल्या मारियामातेला, बोलला. मुलगी बरी झाली आणि आता नियमित शाळेत जाते. आईचे वय मात्र ७१ आहे, दोन्ही गुडघे झिजलेले आहेत आणि घराचे चार जिने चढतानाही तिला मध्ये बसावे लागते. नवस बोलून तो न फेडण्यापेक्षा न बोललेला बरा, हे उपदेशक ग्रंथातले वचन तिला पाठ आहे आणि त्याच्या धास्तीने तिची झोप उडाली आहे. आता ती मला म्हणते की तू माझ्या जागी अनवाणी चाल.

माझी चालण्याची तयारी आहे, किंबहुना मला मनापासून जायचे आहे. मी ४८ वर्षांचा असून सहा वर्षांपासून मला मधुमेह आहे आणि गोळ्या सुरू आहेत. चालण्याचा अनुभव म्हणाल तर कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या मित्रांबरोबर एकदा निम्म्या वाटेपर्यंत गेलो होतो, तेवढाच. आईचा नवस मी फेडला तर तो फिटतो का, नगर ते हरेगाव या वाटेवर किती दिवस धरावेत आणि माझ्यासारख्याने अनवाणी चालावे का, या तीन गोष्टींवर जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

श्रीरामपूरकर

आपले स्वागत आहे. यात्रा सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आणि रविवारी भरते, कारण मारियामातेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरला असतो. त्याआधी नोव्हेनाचे, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे, दिवस असतात आणि तेव्हापासूनच संत तेरेजा चर्चच्या आवारात गर्दी वाढू लागते. एकेकाळी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे ओळखले जाणारे हे गाव त्या दोन दिवसांत माणसांनी भरून जाते. अनेक कुटुंबे मोकळ्या जागेत चूल मांडून तिथेच राहतात.

वाटेबद्दल सांगायचे तर नगरहून निघालात की विळद, देहरे, कृषी विद्यापीठ, राहुरी असा मनमाड रस्ता लागतो. राहुरी कारखान्यापाशी तो महामार्ग सोडून देवळाली प्रवरा आणि बेलापूरमार्गे प्रवरा नदी ओलांडून श्रीरामपुरात यावे आणि तिथून हरेगाव गाठावे. एकूण अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास भरते. सरावलेले लोक ते दोन मुक्कामांत संपवतात, पण आपण तीन मुक्काम धरावेत, म्हणजे चार दिवसांत रोज अठरा ते वीस किलोमीटर पडतील. मनमाड रस्त्यावर अवजड वाहतूक फार आहे आणि कडेची पट्टी अनेक ठिकाणी खचलेली आहे. त्यामुळे या टप्प्यावर अंधारात चालणे मला योग्य वाटत नाही. राहुरी कारखान्यानंतर उसाच्या मळ्यांमधला रस्ता लागतो आणि चालणाऱ्याचे मन तिथे खरे निवांत होते. परतताना श्रीरामपुरातूनच रेल्वे मिळते. मात्र त्या स्थानकाचे नाव बेलापूर आहे, हे तिकीट काढताना ध्यानात ठेवावे.

धर्मशिक्षक, पुणे धर्मप्रांत

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे विस्ताराने देतो, कारण आपल्या आईंची झोप त्यावर अवलंबून आहे.

चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्यातील ११९१ व्या कलमानुसार नवस म्हणजे शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या अशा एखाद्या गोष्टीविषयी देवाला विचारपूर्वक व स्वेच्छेने दिलेले वचन. यातला ‘शक्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ७१ व्या वर्षी झिजलेल्या गुडघ्यांनी पाऊणशे किलोमीटर अनवाणी चालणे आपल्या आईंना शक्य नाही. नात मृत्यूच्या दारात असताना त्या हे बोलल्या, त्यात त्यांचे प्रेम होते, पण शरीराचा हिशेब करण्याची ती वेळच नव्हती. दुसरी गोष्ट अशी की नवस मतमाउलीच्या नावाने बोलला गेला, तरी वचन देवाला दिलेले असते. मारियामाता आपल्यासाठी विनंती करणारी आई आहे. लेकराने वचन पुरे केले नाही म्हणून रागावून बसणारी ती नव्हे, हे आईंना प्रेमाने समजावून सांगावे.

आता आपल्याविषयी. ११९३ वे कलम सांगते की नवस हा स्वभावतः तो बोलणाऱ्यालाच बांधतो. म्हणजे आईंचा नवस आपल्यावर येत नाही आणि आपण चाललात म्हणून तो आपोआप फिटतही नाही. परंतु मार्ग अगदी जवळ आहे. ११९६ व्या कलमाप्रमाणे योग्य कारण असेल तर धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील भागाचे, प्रमुख फादर आपल्या धर्मग्रामातील माणसाला खासगी नवसातून सूट देऊ शकतात, आणि ज्यांना सूट देता येते त्यांना तो नवस एखाद्या हलक्या पण पेलणाऱ्या गोष्टीत बदलूनही देता येतो. हरेगाव नाशिक धर्मप्रांतात असले तरी आपल्याला तिकडे विचारत जाण्याची गरज नाही. सोलापुरातील आपले फादर पुरेसे आहेत. आईंना घेऊन त्यांच्याकडे जा आणि सगळे मोकळेपणाने सांगा. माझ्या अनुभवात अशा वेळी वाहनाने यात्रेला जाणे, नोव्हेनाचे नऊ दिवस जपमाळ म्हणणे आणि एखाद्या आजारी मुलाच्या उपचारांना हातभार लावणे, असे काही सुचवले जाते. हा निर्णय आपण घरात बसून आईंना सांगू नये. फादरांच्या तोंडून ऐकल्यावरच त्यांचे मन हलके होईल.

म्हणजे आपण चालू नये असे मी म्हणत नाही. उलट, आता आपले चालणे कोणाच्या बदल्यात नाही, ते आपले स्वतःचे अर्पण आहे आणि मुलीसाठीची कृतज्ञता त्यात पूर्ण मावते.

श्रीरामपूरकरांनी सुचवलेले चार दिवस मला आणखी एका कारणाने आवडले. जपमाळ म्हणताना येशू आणि मारियेच्या जीवनातील ज्या प्रसंगांचे चिंतन करतात, त्यांना रहस्ये म्हणतात. बुधवारी निघालात तर त्या दिवशी गौरवाची रहस्ये येतात, गुरुवारी प्रकाशाची, शुक्रवारी दुःखाची आणि शनिवारी पोहोचताना आनंदाची. प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली, तेव्हापासून जपमाळेची एकूण वीस रहस्ये झाली. चार दिवसांत ती सगळी आपल्या पायांखालून जातील. जपमाळेच्या पाच दशकांना, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांना, साधारण वीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात दीडेक किलोमीटर सरतो. आनंदाच्या रहस्यांतले दुसरे, मारिया अलीशिबेला भेटायला डोंगराळ प्रदेशात लगबगीने गेली ते, शनिवारी सकाळी चालता चालता म्हणून पाहा. घरात बसून ते शेकडो वेळा म्हटले असले, तरी दुखऱ्या पायांनी ते निराळेच उमगते. प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे फादरांपुढची पापकबुली, मात्र निघण्यापूर्वी सोलापुरातच घ्यावा, कारण यात्रेत रांगा मोठ्या असतात.

मधुमेह विभागातील परिचारिका

मी सोलापुरातच नोकरी करते आणि पावसाळ्याच्या अखेरीस, नवरात्रानंतर, पायांच्या जखमा घेऊन येणारे कितीतरी भाविक मी पाहिले आहेत. म्हणून हात जोडून सांगते, आपण अनवाणी चालू नये. मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि माणसाला ते कळतही नाही. बाभळीचा काटा रुतला किंवा तापलेल्या डांबराने तळवा भाजला, तरी दुखत नाही. जखम चिघळली की मगच लक्ष जाते. जे पाय आपल्याला मतमाउलीपाशी नेणार आहेत, ते गमावून कोणतेही अर्पण पुरे होत नाही.

निघण्याच्या किमान दोन महिने आधी डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्या. तळव्यावर नायलॉनचा बारीक तंतू टेकवून संवेदना पाहतात, त्याला काही मिनिटेच लागतात. बूट नवे नकोत. दोनशे किलोमीटर तरी पायांत असलेले, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असणारे बूट हवेत, कारण दुपारनंतर पाय सुजतात. मोजे दिवसातून दोनदा बदला, ओले मोजे घालून पुढे जाऊ नका. रोज मुक्कामी पोहोचल्यावर छोट्या आरशात तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. फोड आला तर त्याची कातडी सोलू नका, त्यावर स्वच्छ पट्टी लावा. गरम पाण्यात पाय शेकण्याचा मोह आपल्याला टाळायचा आहे, कारण बधिर तळव्याला पाण्याचा चटका समजत नाही.

दुसरा धोका साखर उतरण्याचा. दिवसभर चालल्याने साखर खाली येते, आणि गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल तर ती एकदम उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा तसे होत नाही. चार दिवसांसाठी मात्रा बदलायची का, हे डॉक्टरांनाच विचारा. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबून तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. यात्रेचा उपवास म्हणून रिकाम्या पोटी चालू नका. आपल्या सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी या वाटेसाठीच केलेली आहे असे मला वाटते. ती खराब होत नाही, वजनाला हलकी असते आणि पोटात टिकते.

पंढरपूरचा वारकरी

मी कॅथॉलिक नाही, पण आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता अनेक वर्षे चाललो आहे. आपण जिला मतमाउली म्हणता, ते माउली हे नाव वाचूनच मला लिहावेसे वाटले, कारण आम्ही वाटेत एकमेकांना माउली म्हणूनच हाक मारतो.

एकट्याने जाऊ नये. पाच जण असले तरी चालतील, पण सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे, म्हणजे कोणी मागे राहत नाही आणि पहिल्या दिवशीच्या उत्साहात कोणी धावत नाही. पहिल्या दिवशी चढलेला शीण तिसऱ्या दिवशी वसूल होतो. दिंडीत अभंगाच्या तालावर पावले पडतात, म्हणून अंतर जाणवत नाही. आपली जपमाळही पुढच्याने अर्धी आणि मागच्याने अर्धी अशी मोठ्याने म्हटली तर तेच होईल. उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे आणि पहाटे पुरते उजाडल्यावरच रस्त्यावर यावे. जड सामान वाहनाने पुढे पाठवून पाठीवर फक्त पाणी, औषध आणि पावसाचा कागद ठेवावा. आपल्या भागात सप्टेंबरचा पाऊस दुपारनंतर गाठतो. सरावासाठी तुळजापूरची वाटच पुन्हा धरा, ती सुमारे पंचेचाळीस किलोमीटर आहे. एकदा निम्मी झालीच आहे, आता दोन दिवसांत पूर्ण करून पाहा.

एक वाचक, पूर्वी चेन्नईत

नोकरीनिमित्त चेन्नईत असताना मी वेलांकण्णीला, तमिळनाडूतल्या मारियामातेच्या तीर्थस्थानी, पायी गेलो होतो. तिथे २९ ऑगस्टला ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला सण असतो. भगवी वस्त्रे घातलेले हजारो लोक त्या दिवसांत रस्त्याने दिसतात. एवढेच सुचवतो की पोहोचल्यावर लगेच परतीची गाडी पकडू नका. मी तशी घाई केली आणि दहा दिवस चालून समोर उभे राहण्याचा तो क्षण मला नीट मिळालाच नाही. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होईपर्यंत तिथेच राहा.

सोलापूरचा यात्रेकरू

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आईला घेऊन फादरांकडे गेलो. त्यांनी तिचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि नवस बदलून दिला. नोव्हेनाच्या नऊ दिवसांत रोज एक जपमाळ, यात्रेला वाहनाने जाऊन मिस्सा, आणि मुलगी ज्या वॉर्डात होती तिथल्या एका रुग्णाच्या औषधांसाठी जमेल तेवढी मदत. आईने त्यांना दोनदा विचारले की हे देवाला चालेल ना. घरी आल्यावर ती जेवली आणि लवकर झोपली.

माझी पायांची तपासणी पुढच्या सोमवारी आहे. माझ्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे, त्यामुळे परिचारिकाताईंनी लिहिलेले मी छापून डॉक्टरांना दाखवणार आहे. चर्चमधले तिघे आणि तुळजापूरला जाणारा माझा एक मित्र असे आम्ही पाच जण बुधवारी सकाळी नगरहून निघू. शनिवारी आई आणि मुलगी मोटारीने श्रीरामपूरपर्यंत येतील आणि शेवटचा टप्पा मुलगी माझ्याबरोबर चालणार आहे, तिनेच तसा हट्ट धरला आहे. श्रीरामपूरकरांना एकच विचारायचे राहिले : शनिवारी आईला बसून राहता येईल अशी सावलीची जागा चर्चच्या आवारात मिळते का, की घरून खुर्ची आणावी?

श्रीरामपूरकर

खुर्ची आणावीच, आणि अंथरायला एक सोलापुरी चादरही. मंडप असतो, पण शनिवारी दुपारनंतर तो भरून जातो. आई सकाळी दहापूर्वी पोहोचल्या तर पुढच्या बाजूला, जिथून वेदी दिसते, तिथे जागा मिळेल. मी त्या दिवशी तिथेच सेवेला असतो. श्रीरामपुरात शिरलात की इथेच निरोप टाका, म्हणजे त्यांच्यासाठी जागा धरून ठेवतो.